सील न तोडलेली बाटली

केना या रानभाजीच्या पानाची खालची साल चिमट्याने सोलून द्रावणात तरंगत ठेवली, की दिव्याखाली दोन-अडीच तासांत रंध्रं उघडतात. फटीच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी द्रावणातलं पोटॅशियम आत ओढतात, त्यामागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगून वाकतात आणि मधली फट रुंदावते. आज ती अकरा मायक्रॉन भरली. औषध घातलेल्या बशीत.

तिथे ती मिटलेली राहायला हवी होती.

हे औषध कुकटपल्लीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नव्या कंपनीचं. फवारलं की रंध्रं मिटतात, पीक कमी पाण्यावर तगतं, असा दावा. बाजार खुला झाल्यापासून आमच्या प्रयोगशाळेला मिळालेलं हे पहिलं खासगी काम. औषध गुणकारी असल्याचा अहवाल फेब्रुवारीत मीच लिहिला.

मार्चमध्ये कपाट आवरताना पोटॅशियम क्लोराइडची नवी बाटली हाती लागली. सील शाबूत. जुनी बाटली बिनऔषधाच्या बशीचं द्रावण करतानाच संपली होती. औषधाच्या बशीसाठी ही फोडायची होती. वहीत मात्र पोटॅशियम घातल्याची बरोबरची खूण होती. आदल्या संध्याकाळीच कृती लिहून खुणा करून ठेवायची माझी सवय. म्हणजे औषधाच्या बशीतल्या पेशींना पोटॅशियमच मिळालं नव्हतं; रंध्रं मिटलेली राहिली ती त्यामुळे, औषधामुळे नव्हे. त्यानंतर पोटॅशियम घालून प्रयोग पाच वेळा केला. पाचही वेळा रंध्रं उघडली. मी कोणाला बोलले नाही, कारण त्याच अहवालावर माझ्या सहायक माधवीला कंपनीत नोकरी मिळाली होती.

आज ती बिस्किटांचा पुडा घेऊन आली. “मॅडम, एक तारखेपासून एसीत! आई म्हणते, स्वेटर घेऊन जा.”

मागोमाग आमचे प्रमुख प्रतापराव. “सुलभाबाई, अहवालाच्या अंतिम प्रतीवर सही करा. कंपनीची गाडी खाली उभी आहे. पुढच्या आठवड्यात औषध दुकानांत.”

“सर, जरा...”

“अब नक्को! दोन महिने तुमचं ‘जरा’ ऐकतोय. तुमच्यापेक्षा तुमची रंध्रं बरी, अडीच तासांत तोंड उघडतात.”

माधवी खुदकन हसली. मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली तिचं नाव टंकलेलं होतं. मी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“हे औषध काहीच करत नाही, सर,” मी म्हणाले. “चूक माझी आहे, माधवीची नाही. मी अहवाल मागे घेतेय.”