आईच्या जांभया

तीनशे माणसं एका हॉलमध्ये बसून जांभया देतायत, असं दृश्य तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. फर्निचरच्या दुकानावरचा लांबलचक हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या इतक्या खेटून, की शेजाऱ्याचा गुडघा आपल्या मांडीत. कुणी बाहीला नाक पुसतंय, कुणी पोट धरून वाकलंय, कुणाच्या दंडावर सरसरून काटा आलाय. आणि जांभया अशा, की एकानं आ वासला की अख्खी रांग आ वासायची. एवढं सगळं होऊन चेहऱ्यावर काय असावं? तर आनंद!

कारण सुटकाबाबानं सांगूनच ठेवलं होतं. वेळ पाचची, बाबा यायचा सहाला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलरला माइक, आवाज मधात बुडवलेला.

"जांभई आली?"

"आली!" हॉल ओरडायचा.

"शाबास! व्यसन निघालं! नाक वाहतंय? वाहू द्या, वर्षानुवर्षं घशात ओतलेली तीच ती! पोटात कळ येते? बाहेर पडताना लाथा झाडतेय मेली! लेकरांनो, तुम्ही दारू सोडूच नका. दारूच तुम्हाला सोडेल!"

मग त्याची माणसं थाळ्या घेऊन फिरायची. प्रत्येकाच्या जिभेवर एक काळी गोळी. ती हॉलमध्येच घ्यायची, घरी न्यायची नाही. अर्ध्या तासात नाकं थांबायची, कळा थांबायच्या, चेहरे लोण्यासारखे मऊ व्हायचे. टाळ्यांचा कडकडाट. रोज संध्याकाळी हाच खेळ, रविवारसुद्धा सुटत नव्हता.

माझा भाऊ पहिल्या रांगेत बसायचा.

मी लॅबमध्ये काम करते. स्पष्टच सांगायचं तर लोकांची लघवी तपासते. नाक मुरडू नका, पोट भरतं त्यावर. आमच्या व्यसनमुक्ती दवाखान्यात डॉक्टर मॅडमचा एक अभ्यास चालू आहे: लोक काय काय घेतात, कशानं सुटतं आणि कशानं सुटत नाही. त्यासाठी रोज पन्नास-साठ कप माझ्या टेबलावर येतात. कपात पट्टी बुडवायची, पाच मिनिटं थांबायचं. पट्टीवर प्रत्येक नशेचं वेगळं घर. दोन रेघा आल्या तर माणूस स्वच्छ. एकच आली तर सापडलं.

दादा लाकूड कापायच्या यंत्रावर काम करतो. बारा वर्षं प्यायला. आमच्याच दवाखान्यात तीनदा भरती झाला आणि तीनदा परत गुत्त्यावर गेला. आणि सुटकाबाबाकडे दोन महिने झाले, थेंब नाही! वहिनी मला म्हणाली, "तुमच्या दवाखान्याला तीन खेपांत जमलं नाही, ते बाबांनी एका गोळीत केलं." तो खरंच पीत नव्हता.

पण बाबाची एक अट होती. गोळी अख्ख्या घरानं घ्यायची. "व्यसन एका अंगातून निघालं की दुसरं अंग शोधतं! घरातली सगळी दारं बंद करा!" म्हणून वहिनी घ्यायची. आईही घ्यायची. पहिला महिना फुकट, पुढे माणशी सेवाशुल्क. आणि मूल दहा वर्षांचं झालं की त्यालाही अर्धी गोळी, स्टेजवर, बाबांच्या हस्ते. माझी भाची, दादाची मुलगी, त्या आठवड्यात दहाची झाली होती. रविवारी तिचा नंबर.

"पोरीला नको," मी म्हटलं.

"का? तुला बघवत नाही ना आमचं बरं झालेलं?" वहिनी ताडकन बोलली. दादानं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. हल्ली तो असाच बसायचा. डोळे उघडले की आतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आमच्या आळीचा औषधवाला हसत सांगायचा, की बद्धकोष्ठाच्या चूर्णाचा खप तिपटीनं वाढलाय, अख्ख्या आळीचं पोट एकदम कसं काय तुंबलं कोण जाणे. हे सगळं मला दिसत होतं. रोज हेच बघून पगार घेणारी मी! पण घरचं माणूस समोर असलं की डोळ्यांवर झापडं येतात. स्वतःचीच किळस येते मला आता.

डोकं ठिकाणावर आलं ते मंगळवारी. पट्ट्यांचा नवा खोका उघडला की आधी तो बरोबर चालतो का ते बघावं लागतं. त्यासाठी शंभर टक्के स्वच्छ माणसाची लघवी लागते. नऊ वर्षं मी आईचीच नेते. आई शिवणकाम करते. सत्तरीला आली, पण दारू-तंबाखू सोडा, डोकं दुखलं तरी गोळी न घेणारी बाई. दर वेळी कप हातात घेताना कुरकुरते, "जगातल्या पोरी आईसाठी फुलं आणतात, आणि ही कार्टी कप आणते."

पट्टी बुडवली. अफूच्या घरात एकच रेघ.

कंपनीला दोन शिव्या हासडल्या आणि जुन्या खोक्यातली पट्टी घेतली. एकच रेघ. तिसरी. तीच. मग पट्ट्या घेऊन मॅडमकडे गेले.

मॅडमनी विचारलं, "आईंनी खोकल्याचं औषध घेतलंय? जोरदार वेदनाशामक?"

"माझी आई तोंडात औषध घेतच नाही, मॅडम. फक्त... ती हॉलमधली काळी गोळी."

दुपारी साडेचारला घरी पोचले. आई मशीनवर वाकून बाही जोडत होती आणि मधूनमधून जांभई देत होती. टाका सोडून नाक पुसत होती. मी तिच्यासमोर स्टूल ओढलं.

"आई, जांभया का येतायत तुला?"

"अगं, पाच वाजत आले ना. बाबा म्हणतात, दारू बाहेर पडते."

"कुणाची दारू?"

आईनं मशीन थांबवलं.

"दादाची दारू दादाच्या तोंडातून निघेल. तू जन्मात वास तरी घेतलायस का? मग तुझ्या तोंडातून काय निघतंय?"

मी तिला पट्ट्यांचं सांगितलं. कप बदलला असेल, म्हणाली. पट्टी नासली असेल, म्हणाली. शेवटी हळूच म्हणाली, "काल सहाला बाबा आला नसता, तर मी रडले असते गं. गोळीसाठी. मला वाटलं, भक्ती आहे."

त्या संध्याकाळी माझ्या आईनं जे केलं ते मला जमलं नसतं. अंगात कळा, नाकातून धार, आणि जिभेवर गोळी आल्यावर ती तिनं गालात दाबून धरली. थाळीवाला तोंड उघडायला लावायचा, तर आई जोरात शिंकली. तो मागे सरला, आणि गोळी रुमालात आली. रात्रभर तळमळली, सकाळी स्वतःच्या पायांनी मॅडमकडे गेली आणि औषधोपचार सुरू झाला. मॅडमनी गोळी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. शनिवारी उत्तर आलं: अफू. बाकी कोळसा आणि खडू.

दादाला सांगितलं. "तुम्ही सगळे मला पुन्हा प्यायला लावणार," एवढंच म्हणाला आणि कूस बदलली. वहिनीनं भाचीचा नवा फ्रॉक इस्त्री केला.

रविवारी आम्ही हॉलमध्ये. मी, आई, मॅडम. मागच्या दाराशी मॅडमनी बोलावलेले औषध खात्याचे दोन अधिकारी, साध्या कपड्यांत. त्यांना बाबा गोळ्या वाटताना हवा होता. मला फक्त माझी भाची हवी होती.

सहा वाजले. हॉल जांभयांनी फुटायला आला होता. पोरं स्टेजवर रांगेत उभी, भाची सगळ्यात पुढे. आई सरळ चालत गेली आणि स्टेजखाली ठेवलेला माइक उचलला.

"बाबा, एक शंका आहे."

"विचारा आजी, विचारा! शंका म्हणजे सुद्धा एक जांभईच!"

हॉल हसला. आई हसली नाही.

"मी कधी दारू प्यायले नाही. गेल्या मंगळवारपर्यंत मीही याच वेळी इथं बसून जांभया देत होते. माझ्या अंगातून काय निघत होतं?"

"पूर्वजांनी प्यायलेली, आजी!"

"बरं." आई वळली. "बायांनो, तुमच्यात जन्मात न प्यायलेल्या किती? हात वर करा." शंभरएक हात वर गेले. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची सासू. "आता असंच ठेवा. ज्यांना या घडीला जांभया येत नाहीत, नाक वाहत नाही, त्यांनीच हात खाली करा."

एकही हात खाली गेला नाही.

हात वर केलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाबाच्या आवाजातला मध जरा पातळ झाला. "हीच तर एकात्मता! चला, लेकरांपासून सुरुवात करू." त्यानं अर्धी गोळी भाचीच्या तळहातावर ठेवली. मी स्टेजकडे धावले. पण पोरीनं ती तोंडात नाही टाकली. हात तसाच बाबापुढे धरला.

"आधी तुम्ही घ्या. आजी म्हणते, मोठ्यांना आधी द्यायचं."

"मला कशाला, बाळा?" बाबा हसला. माइक चालूच होता. "मी काय व्यसनी आहे?"

"मीपण नाही," भाची म्हणाली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दादा उठला. तो स्टेजवर चढला तेव्हा माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, शेवटी बाप जागा झाला, आता पोरीला कडेवर घेऊन खाली उतरणार. दादा तिच्यासमोर वाकला. तिच्या तळहातावरची गोळी उचलली. आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

भाचीनं हात मागे घेतला नाही. तशीच उभी राहिली बिचारी, रिकामा हात धरून.

त्यापुढे माझ्या पट्ट्यांची काय मातब्बरी? वहिनीच्या तोंडून आवाज फुटला, तसला आवाज मी कधी ऐकला नाही. ती धावत गेली आणि पोरीला पोटाशी धरलं. अधिकाऱ्यांनी बाबाला धरलं, थाळ्या आणि डबे ताब्यात घेतले. आणि पब्लिक? बाबावर धावून गेलं असेल असं वाटतं तुम्हाला? छे! अर्धा हॉल आमच्यावर ओरडत होता. "आधी गोळी द्या! मग काय ती चौकशी करा!" शी! बाबाची किळस येत होतीच. पण माणसांना ज्या थराला त्यानं आणून ठेवलं होतं, त्याची जास्त आली.

मॅडमनी माइक घेतला आणि साध्या शब्दांत सांगितलं. गोळीत अफू आहे. बारीक झालेल्या बाहुल्या, तुंबलेली पोटं, हेही तिचंच. रोज घेतली की शरीराला तिची सवय होते. वीस-बावीस तास उलटले की शरीर ती मागायला लागतं: जांभया, वाहतं नाक, काटा, पोटात कळा. बाबा मुद्दाम तासभर उशिरा येत होता, तो हा तमाशा रंगावा म्हणून. गोळी पोटात गेली की मागणी थांबते, त्यालाच तुम्ही चमत्कार म्हणत होता. तुमचं व्यसन गेलेलं नाही, बदललंय. आणि ज्यांना नव्हतं त्यांनाही लागलंय. एकदम बंद करून घरी कुढत बसू नका. उद्या सकाळी दवाखान्यात या, औषधानं हळूहळू सोडवता येतं. कुणी तुम्हाला रागावणार नाही.

सोमवारी सकाळी दवाखान्याबाहेर रांग लागली. सगळे नाही आले. दादा आला, वहिनीही आली. दादा बाकावर माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "तिच्या हातातून घेतली गं मी." मी त्याच्या हातात कप दिला.

लोक मला विचारतात, मग ओळखायचं कसं? अहो, माझ्यासारखी लॅब लागत नाही त्याला. दहा वर्षांच्या पोरीनं विचारलं तेवढं विचारा. जो धडधाकट माणसालाही गोळी देतो, तो स्वतः घेतो का? औषधात काय आहे ते सांगतो का? बंद केलं तर काय होईल, ते आधी सांगतो का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर गोळी तिथंच थुंका आणि डॉक्टरकडे जा. व्यसन हा आजार आहे. आजार टाळ्यांनी बरा होत नाही.

आता पाच महिने झाले. आईच्या पट्टीवर पुन्हा दोन रेघा येतात, आणि कप घेताना ती पुन्हा कुरकुरते. दादा रोज सकाळी औषधाला येतो. मध्ये एकदा दारू प्यायला. स्वतःच येऊन सांगितलं. मॅडमनी ते नोंदवलं, औषध बदललं आणि पुढची तारीख दिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्या तारखेला तो भाचीला घेऊन वेळेवर आला. तिनं त्याचा हात धरला होता.