रिकामं करायचं राहून गेलेलं पिंप

मित्रांनो, मी एक जुनं कॉफीचं पिंप आहे. अंग ॲल्युमिनियमचं, पोटाला काळा नळ, आणि नळाच्या वर काचेची एक उभी नळी, आत किती कॉफी उरली ते दाखवणारी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेलबी गावात चर्चच्या तळघरात, सूपच्या पातेल्यांशेजारी माझी फळी आहे. आजही मी तिथंच असतो, पण आता मला कुणी भरत नाही. का भरत नाही तेच सांगायचंय. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी कारखान्यात जन्मलो खरा, पण मला डेलबीत आणलं ते बायकांनी. त्या काळी वाणसामान घेतलं की दुकानदार चिकटवायची तिकिटं द्यायचा, आणि ती पुरेशी साठली की बदल्यात वस्तू मिळे. चर्चच्या महिला मंडळानं घराघरातून ती तिकिटं गोळा केली, जिभेनं ओली करून वह्यांत चिकटवली आणि वह्यांच्या बदल्यात मला चर्चमध्ये आणलं. त्यामुळे मी कुणा एकीच्या मालकीचा नाही. माझ्या बुडाला लाल नेलपॉलिशनं 'महिला मंडळ' असं लिहिलेलं आहे. हे बूड पुढं कुणी उलटून पाहिलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

बारशी, लग्नं, उपासाच्या दिवसांतली बुधवारची सूपची जेवणं, सगळीकडे मी असे. सगळ्यात जास्त उकळलो ते मात्र मयतांना. डेलबीत माणूस गेला की आधी पाद्रीबाबांना फोन जातो आणि मग मला धुतात. ते काम आर्डिस टोलेफ्सनचं. तिचा एक नियम होता, पिंप भरलेलं ठेवून घरी जायचं नाही. शेवटचा माणूस गेला की ती मला कलता करून थेंब न् थेंब काढी, नळी पुसे आणि उपडा घाली. पहिला कप तिच्या नवऱ्याचा, मर्लचा. तो घोट घेई आणि म्हणे, "वाईट नाही." डेलबीत याच्यापेक्षा मोठी स्तुती कुणी कुणाची करत नाही.

मग मर्लला अर्धांगाचा झटका आला आणि तो गावाबाहेरच्या नर्सिंग होममध्ये पडून राहिला. त्याच शरद ऋतूत गव्हर्नर व्हिटलो नावाच्या बाई आमच्या गावात आल्या. त्यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं. आपली आई अशाच एका खाटेवर कशी गेली, ते त्यांनी शाळेच्या सभागृहात सांगितलं. आर्डिस शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं जन्मात कधी कुणाचा झेंडा धरला नव्हता, पण त्या दिवशी त्या बाईंवर तिचं मन बसलं. दर महिन्याला आपल्या खात्यातून थोडी देणगी जाईल अशी सोय तिनं करून टाकली. प्रचाराला आलेल्या ब्रिन नावाच्या मुलीला आपल्या घरातली मागची खोली दिली, तिला जेवूखाऊ घातलं आणि कडाक्याच्या थंडीत तिच्याबरोबर दारोदार फिरली. मेन स्ट्रीटवर प्रचाराचं कार्यालय उघडलं तेव्हा तिनं तिथं मला नेलं.

कार्यालयात येणारी प्रत्येक वस्तू ब्रिनला नोंदवावी लागे. तिनं विचारलं, "आर्डिस, हे देणगी म्हणून लिहू की उसनं म्हणून?"

"असू दे गं पोरी, पिंपाचं काय एवढं," आर्डिस म्हणाली.

इथं आमच्या गावची रीत तुम्हाला ठाऊक हवी. डेलबीत केकचा तुकडा पुढं केला तरी माणूस दोनदा नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अगदी छोटा दे" म्हणतो आणि मोठा घेतो. आपलं काय आणि आपल्याला काय हवंय, हे पहिल्या फटक्यात सांगणं आमच्याकडे उद्धटपणाचं. विचारणाऱ्यालाही हे माहीत असतं, म्हणून तो तीनदा विचारतो. ब्रिन समुद्राकाठच्या कुठल्याशा शहरातली. तिनं एकदाच विचारलं आणि लिहून टाकलं, देणगी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

तरी ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत धावपळीचे होते. माझ्याभोवती माणसं टेलिफोन करत, पत्रकं घडी घालत, हसत. गव्हर्नरबाईंनी स्वतः माझ्या नळाखाली कप धरला आणि ही आयोवातली सर्वांत छान कॉफी आहे असं सगळ्यांसमोर सांगितलं. मी आठवडाभर हवेत होतो. मग ब्रिनच्याच तोंडून कळलं की बाई हे प्रत्येक गावात म्हणतात.

फेब्रुवारीत निवडीचा दिवस आला. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षानं कुणाला उभं करायचं, याची ही पहिली निवड आमच्याकडे चिठ्ठी टाकून होत नाही. शाळेच्या व्यायामशाळेत ज्याच्या त्याच्या माणसांनी एकेका कोपऱ्यात उभं राहायचं आणि डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात माणसं कमी भरतात तो कोपरा मोडतो, आणि त्यातल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं नाहीतर घरी जायचं. मला आमच्या कोपऱ्यात मांडलं होतं. आमची माणसं कमी भरली. कालपर्यंत एका टेबलावर बसलेले लोक मान खाली घालून एकेक करून समोर जाऊ लागले. मंडळाची अध्यक्षीण वर्ना ओस्टबी दुसऱ्या कोपऱ्यातून म्हणाली, "ये गं आर्डिस, इकडे ये. आमच्याकडे लिंबाच्या वड्या पण आहेत. आणि आपलं पिंप तिथं काय करतंय?"

"मी इथंच बरी आहे," आर्डिस म्हणाली. "आणि पिंप उद्या सकाळी फळीवर असेल."

तिचा हात माझ्या झाकणावर होता. त्या भल्यामोठ्या दालनात आमच्या कोपऱ्यात शेवटी ती आणि मी, एवढेच उरलो.

तेवढ्यात नर्सिंग होमचा निरोप आला की मर्लची तब्येत बिघडलीय. ब्रिननं तिला हात धरून दाराशी नेलं. म्हणाली, तुम्ही जा, पिंप मी सकाळी धुते. तिनं मला अर्ध्या कॉफीसकट कार्यालयात नेऊन टेबलावर ठेवलं.

सकाळी ती आली तेव्हा तिच्या फोनवर निरोप येऊन पडलेला होता. गव्हर्नरबाईंनी मोहीम थांबवली होती. ब्रिनची नोकरी त्या क्षणापासून संपली होती, खर्चाचं कार्ड बंद झालं होतं, आणि भाड्याची गाडी दुपारच्या आत राज्याच्या राजधानीत परत करायची होती. पोर वाईट नव्हती. तिच्या पायाखालचीच जमीन सरकली होती. माझ्या थंड झाकणावर कपाळ टेकून ती रडली, चावी खिळ्याला अडकवली आणि निघून गेली. मला धुवायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

दोन दिवसांनी जागेचा मालक ड्वेन प्रोहास्का आला. भाडं थकलं होतं. आतलं सामान देणेकऱ्यांत वाटेपर्यंत इथलं काही हलणार नाही, असं कुणाला तरी फोनवर सांगत त्यानं नवं कुलूप लावलं आणि जाताना हीटर बंद केला.

मित्रांनो, आयोवातल्या फेब्रुवारीत हीटर बंद करणं म्हणजे काय, ते मी माझ्या अंगानं शिकलो. माझ्या पोटात अर्धी कॉफी होती. नळात होती, नळीत होती. थंडी वाढत चालली आणि मला कळून चुकलं की आता हे गोठणार, गोठलं की फुगणार, आणि फुगलं की मी फुटणार. मला हात नाहीत, आवाज नाही. मी नुसता दारावरच्या मोठ्या काचेकडे बघत राहिलो.

काचेपलीकडे आर्डिस आली. हातमोज्यानं काचेवरचं धुकं पुसून तिनं आत पाहिलं. माझ्या नळीतली तपकिरी रेघ तिला दिसली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिला सगळं समजलं होतं. तेवढ्यात रस्त्यानं ड्वेन आला. लहानपणी तो चर्चमध्ये ती शिकवी त्या रविवारच्या वर्गात बसलेला. त्यानं विचारलं, "काही हवं होतं का, आर्डिस?"

"नाही रे, सहज चालले होते."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्याच्या डोक्यात थकलेलं भाडं होतं. तो गेला आणि मी आतल्या आत ओरडलो, सांग ना गं बाई, सांग की तुझं आहे ते.

ती एकटीच नव्हती. कुणाचा दिवा आत अडकला होता, कुणाच्या घडीच्या खुर्च्या, कुणाची आईच्या हातची गोधडी, जी ब्रिनच्या खुर्चीवर असायची. सगळे समर्थक पाळीपाळीनं काचेशी येत, आणि दुसरं कुणी दिसलं की हवेबद्दल बोलत. आपली वस्तू परत हवीय असं एकानंही कबूल केलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. आत टेबलावरचा फोन वाजत राही. कुणीतरी कुठूनतरी विचारायला करत असणार, आता आम्ही काय करायचं म्हणून. उचलायला कुणी नव्हतं. सहा महिने ज्यांना प्रचारवाले घरचं माणूस म्हणत होते, त्यांना साधं 'येतो' म्हणायलाही कुणी मागं राहिलं नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो.

पुढल्या रात्री मी फुटलो. आधी काचेची नळी गेली, मग नळाच्या मुळाशी अंग उकललं. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. पण त्याहून जास्त लाज वाटली.

मर्ल गेला त्या दिवशी सकाळी आर्डिस पुन्हा आली. या वेळी ती काचेशी थांबली नाही. समोरच्या हॉटेलातून ड्वेनला घेऊन आली. दारात येऊन त्यानं विचारलं, "आर्डिस, काही हवंय का?"

"हो," ती म्हणाली. "ते पिंप. उद्या मर्लला पुरायचंय."

एकदाच विचारलं होतं त्यानं. ड्वेन तिच्याकडे बघतच राहिला. मग ओशाळून म्हणाला, "अहो, कागदावर ती देणगी आहे. मी एक वस्तू सोडली तर देणेकऱ्यांचे वकील माझ्या मानगुटीवर बसतील. थांबा, मुख्य कार्यालयालाच विचारू." त्यानं नंबर फिरवला आणि फोन दोघांना ऐकू येईल असा धरला. पलीकडून एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला. तुमच्या पाठिंब्याबद्दल गव्हर्नर आपल्या ऋणी आहेत. देणगी द्यायची असल्यास एक दाबा.

"मोहीम संपली ना?" आर्डिसनं विचारलं.

"थांबलीय," ड्वेन म्हणाला. "संपली म्हटलं की पैसे यायचे बंद होतात. थांबली म्हटलं की कर्ज फिटेपर्यंत येत राहतात. तुमचे अजून जातायत का?"

"जातायत. गेले तर गेले, ते माझे होते. पिंप माझं नव्हतं रे. मंडळाचं होतं. जे माझं नव्हतं ते मी देऊन बसले."

ड्वेननं फोन ठेवला. मग त्यानं मला उचललं. माझं बूड त्याच्या तोंडासमोर आलं, लाल अक्षरं त्यानं वाचली, आणि मला तिच्या गाडीत नेऊन ठेवलं. आर्डिस म्हणाली, "आणि बाकीच्यांनाही बोलव. ते स्वतः नाही मागायचे." संध्याकाळपर्यंत दिवा, खुर्च्या आणि गोधडी आपापल्या घरी गेली, असं मी मागाहून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तळघरात आर्डिसनं मला भरलं. नळाच्या मुळातून पाणी धारेनं टेबलावर आलं आणि तिच्या काळ्या पोशाखावर सांडलं. चाळीस वर्षांत मी गावातल्या एकाही मयताला चुकलो नव्हतो, आणि चुकलो तो मर्लला. आर्डिस सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे." आता वर्ना तिला सोलून काढणार, असं मला वाटलं. वर्नानं फडकं घेतलं, टेबल पुसलं, सूपच्या पातेल्यात कॉफी उकळायला ठेवली, आणि मला माझ्या नेहमीच्या जागी रिकामंच मांडलं.

लोक दफनाहून आले. थंडीनं बोटं वाकडी झालेली. सवयीनं प्रत्येकानं माझ्याच नळाखाली कप धरला. काही आलं नाही. प्रत्येक जण क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग पातेल्याकडे गेला. शेवटी आर्डिस आली. तिला तर माहीत होतं, तरी तिनं मर्लचा कप माझ्या नळाखाली धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्या वेळी माझ्यातून एक थेंब जरी पडला असता, तर मी जन्माचं सार्थक मानलं असतं.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. वर्नानं तो काढला आणि मोठ्यानं वाचला. गव्हर्नरबाईंच्या नावानं निरोप होता: आर्डिस, तुम्ही अजून आमच्यासोबत आहात ना?

आर्डिसनं कप खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. पहिल्याच वेळी.

तर मित्रांनो, आता मी फळीवर असतो. कुणावर विश्वास ठेवू नका, असं मी सांगणार नाही. विश्वास ठेवला म्हणूनच तिकिटं चिकटवून मला आणणाऱ्या बायका होऊन गेल्या. मोठ्या कामासाठी तुम्हीही उद्या कुणाच्या दारात जाल. तिथलं माणूस "असू दे, त्याचं काय एवढं" म्हणालं तर आणखी दोनदा विचारा. आणि तुमचं काम फसलं, दिवे मालवायची वेळ आली, डोळ्यांत पाणी असलं, तरी निघण्याआधी थोडं थांबा. ज्यांनी दिलं त्यांना भेटून जा आणि मला रिकामं करून जा. भरलेला मागं ठेवलात, तर मी फुटतो.