कटिस्नानाचा टप

आपल्या हातानं रंगवलेलं अक्षर खोटं असेल, अशी शंका मन्मथला कधी आलीच नव्हती. लातूर जिल्हा झालं त्या साली ज्या कचेऱ्यांना अजून खुर्च्या नव्हत्या, त्यांच्या पाट्या त्यानं रंगवून दिल्या होत्या. कचेऱ्या मागून आल्या. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की आधी पाटी लागते, मग तिच्या मागं ती गोष्ट गुमान येते.

म्हणून निसर्गोपचार शिबिराचा ‘सुलभ प्रसूती : आहार, विहार, कटिस्नान’ हा फलक रंगवता रंगवताच त्याचा त्यावर विश्वास बसला. त्याची बायको महानंदा तेव्हा दिवसांत होती. शिबिराचे वैद्य चांगले होते. गरोदर बाईनं काय करावं, काय करू नये आणि कशाआधी विचारावं, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. पण ‘करू नये’ चाललं होतं तेव्हा मन्मथ ‘स्ना’च्या मागची सावली काढत होता.

घरी येऊन त्यानं महानंदाला मोड आलेली मटकी सुरू केली. तिनं खाल्ली. सकाळचं चालणं सुरू केलं, तेही तिला आवडलं. चहा बंद केला. तो ती शेजारी धोंडाबाईकडं पिऊ लागली. राहता राहिलं कटिस्नान. त्यासाठी मन्मथ शिबिरातला पत्र्याचा टप मागून घेऊन आला. पाठ टेकून, पाय बाहेर सोडून नुसती कंबर पाण्यात बुडवायची, असा तो टप.

पण पाणी कुठलं? दुष्काळानं गल्लीतले आड कोरडे पडले होते आणि टँकर चौथ्या दिवशी, तोही मनात आलं तर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण कंधारकडच्या महानंदाच्या गावात तर टँकरही जात नव्हता. म्हणून रीत उलटी झाली आणि तिची आई शिवम्मा लेकीच्या सासरी आली. जावयाच्या घरी राहायची इतकी लाज, की ती मन्मथशी बोलायची ते भिंतीकडं बघून.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गुणाबाई नर्सनं आधीच बजावलं होतं, “घरात भरपूर पाणी असंल तरच मला हाक मारा. न्हाईतर सरळ दवाखाना.” तेव्हा गल्लीतल्या बायांनी आपापल्या वाट्यातलं तांब्या-तांब्या आणून मन्मथच्या घरचा रांजण भरला. शिवम्मानं त्यावर फडकं बांधून विभूतीची तीन बोटं ओढली. त्या पाण्याला आता देवाशिवाय कुणी हात लावणार नव्हतं.

मन्मथनं लावला. शिवम्मा टँकरची वाट बघायला गेली, त्या दुपारी त्यानं अख्खा रांजण टपात रिकामा केला. त्याचा हिशेब साधा होता. माणूस बसल्यानं पाणी झिजत नाही. उठल्यावर परत रांजणात.

“ये, बस,” तो महानंदाला म्हणाला.

“अवं, आईनं बघितलं तर?”

“पाणी आहे तेवढंच राहतंय.”

“मग तुमीच बसा की आधी. मी बघते कसं राहतंय ते.”

मन्मथ लुंगीसकट बसला. टप बेताचा होता आणि मन्मथ बेताचा नव्हता. कंबर ‘कटि’पर्यंत छान गेली आणि तिथंच राहिली. त्यानं उठायचा प्रयत्न केला, तर टपही उठला. पाणी मात्र निळं होत चाललं होतं. सकाळी तहसीलची पाटी रंगवून त्यानं हात लुंगीला पुसले होते.

महानंदा पोट धरून हसली. मग हसायची थांबली, पोट मात्र तसंच धरून राहिली.

“अवं,” ती हळूच म्हणाली, “कळा.”

“गुणाबाईंना बोलावतो!” असं म्हणून मन्मथ तिथंच बसून राहिला.

शेवटी महानंदानंच दारात जाऊन हाक मारली. शिवम्मा धावत आली, मागोमाग धोंडाबाई आणि अर्धी गल्ली. शिवम्मानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि भिंतीला विचारलं, “जावईबापू रांजणात का बसलेत?”

“टपात,” मन्मथ म्हणाला. फरक सांगणं गरजेचं आहे असं त्याला वाटलं.

जावयाला हात कसा लावायचा? शिवम्मानं टपाला हात लावला. बायांनी टप मागं ओढला, मन्मथनं खांब धरला. टप निघताना एक आवाज झाला. तो आवाज गल्ली पुढं बरीच वर्षं काढून दाखवत होती.

गुणाबाई आल्या, महानंदाला तपासून म्हणाल्या, “लई पुढं गेलीय, आता हालवता यायचं न्हाई. पाणी तापवा.”

कुणीच हललं नाही. सगळ्या टपाकडं बघत होत्या. वर तेलाचा निळा तवंग होता. धोंडाबाईनं नुसती घागर उचलून मन्मथच्या हातात दिली.

कोरड्या गावात ओला माणूस लांबून दिसतो. त्याच्या लुंगीतून धुळीत ठिबकत होतं आणि त्या ठिपक्यांमागं दोन शेळ्या चालत होत्या. ओट्यावरच्या केरबानं विचारलं, “मन्मथअप्पा, पाऊस कुठं पडला?”

मन्मथ घागर सावरत पुढं निघाला. पहिल्या दारात नागम्मा होती. तिची सून ओली बाळंतीण, तरी तिनं रांजणात तांब्या ओतला होता.

“रांजण भरला होता न्हवं?”

“हाव,” तो म्हणाला. “मी बसलो त्यात.”

नागम्मानं त्याच्याकडं बघितलं. मग आत जाऊन सुनेच्या न्हाणीसाठी राखलेलं पाणी आणून त्याच्या घागरीत ओतलं, सगळं. पुढच्या दारांत सांगावं लागलं नाही. बातमी त्याच्या आधी पोचत होती. बाया तांब्या घेऊनच उभ्या होत्या.

दिवे लागायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप. गुणाबाई म्हणाल्या, बाई चालती-फिरती होती, खाणं नेमाचं होतं, म्हणून निभावलं. हे मन्मथनं दाराबाहेर ऐकलं, पण आत जाऊन श्रेय घ्यायची त्याची छाती झाली नाही.

बारशाला सगळी गल्ली आली. जो तो त्याला म्हणे, “बसा की, मन्मथअप्पा,” आणि तोंड फिरवी. मन्मथ जेवलासुद्धा उभ्यानं.

शेवटी शिवम्मानं पाट मांडला, नात उचलून आणली आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं. “बसा, जावईबापू. उभ्यानं लेकरू पडंल.”

तो बसला. पोरगी मांडीवर आली, स्थिरावली, आणि तिनं त्याची नवी लुंगी भिजवली. सगळी गल्ली त्याच्याकडं बघत होती. मन्मथ उठला नाही.