किती उशा लागतात

त्याने शर्ट खुंटीला अडकवला आणि तपासणीच्या खाटेवर डाव्या कुशीला वळला. तंत्रज्ञ मुलीने छातीला गार जेल लावून यंत्राची मूठ फासळ्यांमध्ये टेकवली. वर्षापूर्वी याच खाटेवर तो मावत नव्हता. आडवं होताच जीव कोंडायचा, म्हणून तिने त्याला बसवूनच तपासणी उरकली होती.

रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई खूश झाल्या. वजनाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो एकशे एक्कावन्न किलो होता आणि हृदय दर ठोक्याला जेमतेम बत्तीस टक्के रक्त बाहेर टाकत होतं. आता वजन शहाण्णव, आणि आकडा एक्कावन्नवर आला होता. फुगलेलं हृदय बरंच आकसलंय, त्याच्या जाड झालेल्या भिंतीही पातळ झाल्यात, असं त्यांनी सोबत आलेल्या त्याच्या मुलीला समजावून सांगितलं.

त्याला आकडा नको होता, सही हवी होती. तो कारखान्यात क्रेन चालवायचा. केबिनला जायला उभी शिडी, बेचाळीस पायऱ्यांची. फिटनेसचा दाखला नाही म्हणून दीड वर्ष स्टोअरमध्ये बसून हातमोजे वाटत होता. क्रेनच्या ताकदीवरून सगळे त्याला पाचटनी म्हणत. वजन उतरल्यावर, आता अडीच टन करून घ्यायला ऑफिसात अर्ज दे, म्हणाले होते.

डॉक्टरबाईंनी दाखला पुढे ओढला आणि लिहिता लिहिता विचारलं,

"झोपताना किती उशा लागतात?"

"एक."

"बाबा," मुलगी म्हणाली. मग डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाली, "ते पलंगावर झोपतच नाहीत. अजून खुर्चीतच बसून झोपतात."

पेन थांबलं. आडवं झाल्यावर दम लागतो का, बाईंनी विचारलं. तो नाही म्हणाला. मग खुर्ची कशाला, यावर तो नखं बघत म्हणाला, "सवय."

सवय चार वर्षांची होती खरी. त्या चार वर्षांत त्याची बायको रोज एक-दोनदा उठून त्याची कलंडलेली मान सरळ करायची. ऑपरेशनसाठी मागे लागली तीच. यातून तुम्हाला काय हवंय, असं तेव्हा डॉक्टरबाईंनी याच खोलीत दोघांना विचारलं होतं. तो म्हणाला होता, क्रेन. ती म्हणाली होती, यांना पलंगावर पाठ टेकता आली म्हणजे झालं. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी पाठ टेकता आली. एकोणीस रात्री, तिच्या शेजारी. मग एका दुपारी तिच्याच मेंदूतली शीर फुटली, आणि तो खुर्चीत परत गेला.

मुलीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. हृदय पुन्हा बिघडलंय आणि नोकरीपायी बाबा लपवतायत, असं तिने स्पष्टच सांगितलं. आईचं कळायला वेळच मिळाला नाही, म्हणाली, निदान यांचं तरी.

डॉक्टरबाईंनी दाखला बाजूला ठेवला. उशी न घेता अर्धा तास उताणं झोपा, म्हणाल्या; दम वाढला किंवा ऑक्सिजन उतरला तर सही नाही. त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, मुलीला स्टुलावर बसवलं आणि त्या पुढचा पेशंट बघायला गेल्या.

परत आल्या तेव्हा तो गाढ झोपला होता. यंत्रावर सत्त्याण्णव. श्वास संथ. पण तो खाटेच्या अगदी कडेला आला होता. एक खांदा बाहेर, हात खाली लोंबत होता. भिंतीच्या बाजूला हातभर चादर मोकळी होती, एकही सुरकुती नसलेली.

"अहो, पडतील ते," बाई हळूच म्हणाल्या. "मध्ये सरकवा त्यांना."

मुलगी मघापासून त्या चादरीकडेच बघत होती. ती उठली नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "सही करा डॉक्टर. दम नाही लागत त्यांना."