कूलरपलीकडचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. हसू नका, मित्रांनो. मला पडदा नाही, कळफलक नाही, आकार पत्त्यांच्या जोडाएवढा. तरी मी संगणकच आहे. शेंदूरजनाघाटला, पौर्णिमाच्या शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, एका प्लास्टिकच्या डबीत माझं बिऱ्हाड आहे. येणारे-जाणारे विचारतात, "हे चार्जर हाय काय?" आधी वाईट वाटायचं. आता राग येतो, आणि राग बरा. म्हणून कहाणीआधीच एक सांगून ठेवतो: त्या उन्हाळ्यात दोष माझा नव्हता.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. अमरावतीच्या दुकानातून पौर्णिमानं मला घेतलं, तेव्हा ती तंत्रनिकेतनात शिकत होती. कॉलेजच्या प्रदर्शनात मी दिवे लावले, विझवले, आणि परीक्षकांनी पाठ थोपटली. तिची, माझी नाही. मग शिक्षण संपलं आणि मी टेबलाच्या खणात जाऊन पडलो, वाळलेल्या पेनांच्या संगतीत. कौतुक किती दिवस टिकतं ते मी तिथं शिकलो.

मला खणातून बाहेर काढलं ते कलमांनी. घरामागे पौर्णिमानं स्वतःच्या हिमतीवर संत्र्याच्या कलमांची नर्सरी टाकली. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि तो फुटला की लेकरासारखा जपायचा. कोवळ्या फुटीला उन्हाळ्यातली कोरडी हवा सोसत नाही, तिला वेळेवर फॉगरचं धुकं लागतं. पण पौर्णिमा दिवसभर वरुडला नोकरीवर. म्हणून तिनं मला शेडनेटमध्ये बसवलं. हवेची खबर मी घरातल्या राउटरमार्फत तिच्या मोबाइलवर धाडायची, तिनं तिकडून बटण दाबायचं, मग मी फॉगर सुरू करायचा.

खरं तर हे मी एकट्यानंही केलं असतं. पण तिचे वडील सूर्यभान आडवे आले. "माह्या विहिरीचं पानी मशीन आपल्या मनानं सोडनार नाई," ते म्हणाले. "मानसाच्या हुकमानं सुटन." झालं! मी हुकमाचा ताबेदार.

हिवाळाभर सगळं बिनबोभाट चाललं. होळी झाली, ऊन तापलं, आणि दुपारचं वायफाय तुटायला लागलं. सकाळी मी बरा, दुपारी मुका. पौर्णिमा तिकडून बटण दाबून दाबून थकायची, हुकूम माझ्यापर्यंत पोचायचाच नाही. संध्याकाळी येऊन पाहते तर कोवळ्या फुटीनं मान टाकलेली.

मग सगळ्यांनी मलाच धारेवर धरलं. वीज कमी पडत असेल म्हणून पौर्णिमानं माझा चार्जर बदलला. काम नसलं की वायफाय डुलकी घेतं, ती खोड मोडली. राउटरचं चॅनल बदललं. शेवटी माझी सगळी आठवण पुसून मला नव्यानं शिकवलं. दुपार झाली की मी पुन्हा मुका. तिची आई मैनाबाई डबी उघडून म्हणाली, "ऊन लागलं असन बापा त्याले," आणि माझ्याशेजारी एक कांदा ठेवून गेली. उन्हात निघणाऱ्याच्या खिशात ती ठेवते, तसाच. औषध चुकीचं होतं, पण विचारपूस तिनं एकटीनंच केली.

सूर्यभान मात्र शेडनेटच्या दारात उभे राहून म्हणाले, "डबडं हाय ते. आन आयक पोरी, हे फूट बी जळाली त मी शेडनेट काढून टाकतो. म्हशी बांधतो इथं. नोकरी हाय ना तुले? तेच कर."

पौर्णिमाचा चेहरा उतरला. "अजून जळाली नाई, बाबा," एवढंच ती म्हणाली.

रविवारी दुपारी तिनं जे आधीच करायला हवं होतं ते केलं. तिनं मला विचारलं! माझ्यापर्यंत वायफाय किती जोरानं पोचतं ते मी आकड्यात सांगू शकतो. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिनं मला पॉवर बँक जोडली, हातात धरलं आणि आकडा बघत अंगणभर फिरली. घराच्या दारासमोर आकडा चांगला. खिडकीसमोर आलो की धाडकन खाली. पौर्णिमा थांबली. खिडकीबाहेर कूलर उभा होता. होळीनंतर मांडलेला, पत्र्याचा, टाकी काठोकाठ, गवताच्या ताट्या ओल्याचिंब. त्याच्यामागे खोलीत राउटर, आणि राउटरशेजारी खाटेवर सूर्यभान घोरत होते. पत्रा आणि एवढं पाणी ओलांडून वायफाय येणार कसं? सकाळी ताट्या कोरड्या असायच्या, म्हणून कसंबसं निभायचं.

तिनं मला शेडनेटमध्ये परत जोडलं आणि कूलर चाकांवरून ओढून बाजूला केला. सूर्यभान घामाघूम होऊन उठून आले. "काहून हालवला वं कूलर?"

"बटन दाबा, बाबा." तिनं मोबाइल पुढं केला. त्यांनी दाबलं आणि शेडनेटमध्ये फॉगर सुटले. तिनं ते बंद केले आणि कूलर परत खिडकीला लावला. "आता दाबा."

काही नाही. त्यांनी चिडून पुन्हा दाबलं. तरी काही नाही. ते कूलरकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "म्हंजे मी गार हवेत झोपून राह्यलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले, "आन तुह्या कलमा जळून राह्यल्या होत्या."

"राउटर दुसऱ्या खिडकीत ठेवते. कूलर राहू द्या. पन उद्या राउटरच बंद पडला त? याले आपल्या मनानं पानी सोडू द्या, बाबा."

सूर्यभान शेडनेटपर्यंत चालत आले आणि माझ्या डबीवर वाकले. "एकदा बी चुकला, त भंगारात," ते म्हणाले.

"चालते," पौर्णिमानं माझ्या वतीनं सांगून टाकलं. मलाही चालत होतं.

वैशाखात राउटर खरोखरच बंद पडला. हवा तव्यासारखी, पौर्णिमा वरुडला, हुकूम नाही. सवयीनं मी थोडा थांबलो. मग सोडलं पाणी! फॉगरचा आवाज ऐकून सूर्यभान धावत आले आणि त्यांनी लेकीला फोन लावला. "तुनं सोडलं काय पानी?" ती नाही म्हणाली. त्यांनी फोन खिशात टाकला, एक घमेलं पालथं घातलं आणि धुकं थांबेपर्यंत ते तिथंच बसून राहिले. एकाही कलमानं मान टाकली नाही. पावसाळा लागल्यावर ती कलमं गिऱ्हाइकाच्या गाडीत चढली. ती चढवायला सूर्यभान स्वतः उभे होते.

आता मी जुना झालो. माझे कोपरे गंजलेत, बाजारात माझ्याहून चपळ भावंडं आलीत. कुणी "नवा घ्या" म्हटलं की सूर्यभानच म्हणतात, "राहू दे त्याले."

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. एवढंच बजावतो: लहानाच्या माथी खापर फोडण्याआधी त्याला विचारा, आणि तुमच्या-त्याच्या मध्ये काय उभं आहे ते उठून बघा. तुमचाच कूलर निघेल.

मैनाबाई अजून दर उन्हाळ्यात माझ्याशेजारी नवा कांदा ठेवते. त्याचा मला काडीचा उपयोग नाही. तरी तो कुणी काढायचा नाही.