उसना विस्तव

जुन्या मित्राचं, रेमेकचं पत्र आलं तेव्हा तेओफिलने ते वाचलं, घडी घातली आणि उत्तर न देताच कपाटात ठेवून दिलं. तळघरात पाणी शिरलं, तू वाचायला दिलेल्या पानांचा लगदा झाला, फार वाईट वाटतं, असा मजकूर होता. तेओफिल तेव्हा पोलंडमधल्या सुवाउकी गावच्या वाचनालयात नोकरीला होता. पाण्याला कशाला बोल लावायचा, म्हणून तो गप्प बसला. पुढे काही हिवाळे गेले आणि वाचनालयात आलेल्या नव्या पुस्तकांच्या खोक्यातून एक जाडजूड खंड निघाला. 'हिमदेश' नावाच्या कल्पित जगाचा, भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचा. मुखपृष्ठावर एकच नाव, रेमिगिउश कालिना, म्हणजे रेमेक. आत लगदा झालेली पानं जशीच्या तशी, ठणठणीत कोरडी.

त्या पानांतली सेव्वा जमात तेओफिलने सावकाश, हिवाळ्यामागून हिवाळे रचली होती. नियम एकच, प्रत्येक गोष्ट थंडीला विचारून ठरवायची. देशात झाड नाही, मग जाळायचं काय? हरणाची चरबी. ती तरी पुरणार किती? म्हणून विस्तव विझू द्यायचा नाही, शिंगात घालून या तंबूतून त्या तंबूत न्यायचा. आणि नेताना तो मुळात कोणी पेटवला त्याचं नाव मोठ्याने सांगायचं. नाव न सांगता आणलेला विस्तव चोरीचा. चोराला सेव्वा मारत नाहीत. त्याला फक्त कोणी विस्तव देत नाही. त्या देशात तेवढं पुरतं.

तेओफिलने कुठे तक्रार केली नाही. विश्वास कोण ठेवणार? शिवाय मनात शंका होतीच. पानं आपली, पण ती लोकांपर्यंत नेली रेमेकने. आपल्याकडे ती धूळ खात पडली असती. अशी स्वतःची समजूत घालून तो अंथरुणाला पाठ टेकायचा आणि डोळे मिटले की रेमेकला उघड्या अंगाने बर्फात उभं करायचा. हे मात्र त्याने कधी चुकवलं नाही.

या फेब्रुवारीत गावच्या सांस्कृतिक भवनात खेळवेड्यांचा मेळावा होता. यागोदा त्याची सगळी व्यवस्था पाहायची. एरवी ती दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि तेओफिलच्या वाचनालयातच हा खेळ शिकली होती.

"काका, कालिनासाहेब वॉर्साहून येतायत. सगळ्यांसमोर खेळणार आहेत. सूत्रधार तुम्ही."

"मी? माझी जीभ अडखळते गं."

"अडखळू दे की. त्या थंडीत कोणाची नाही अडखळत?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तेओफिल म्हणाला, "बरं."

रेमेक आला तो भलामोठा गळपट्टा गुंडाळून, हात पसरूनच. "अरे तेओ! अजून आहेस होय तू?" त्याने मिठी मारली आणि लोकांकडे वळून सांगितलं, "हा आमचा जुना मित्र बरं का. नाकावर माशी बसली तर हा तिची माफी मागेल!"

सभागृह हसलं. सवयीने तेओफिलही हसला. ते स्वतःचं हसू मात्र त्याला झोंबलं.

खेळ सुरू झाला. रेमेक झाला उल्वार नावाचा शिकारी. यागोदा आणि दाढीवाला बेकरीवाला गेरवाझी त्याचे सोबती. सूत्रधार म्हणून तेओफिलने वादळ सोडलं. तिघं एका रिकाम्या तंबूपाशी पोचले. आत चरबीच्या दिव्यात निखारा धुगधुगत होता, माणूस नव्हतं.

"उचलतो," रेमेक म्हणाला.

"मालक नाहीये, साहेब," यागोदाने आठवण करून दिली.

"मग तर उत्तमच!"

लोक पुन्हा हसले. तेओफिल हसला नाही. पुढच्या वस्तीपर्यंत शिंगातली चरबी संपत आली. पहिल्याच तंबूच्या दारात एक म्हातारी उभी होती.

"विस्तव कोणाचा?" तेओफिलने म्हातारीच्या आवाजात विचारलं. आवाज कापत होता, पण म्हातारीला तो शोभला.

"माझा, आजी."

"पेटवला कोणी?"

"मीच. थोडी चरबी द्या बघू."

"तो मी पेटवला होता," म्हातारी म्हणाली. "मी घरात नव्हते, तेव्हा तू उचललास. माझं नाव घे आणि आत ये. एवढंच मागणं आहे."

रेमेकचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. तेओफिलने नजर खाली घातली नाही.

"खेळ आहे रे हा, तेओ," रेमेक पुटपुटला.

"वाऱ्यात ऐकू येत नाही. मोठ्यानं."

"साहेब, तुमच्याच पुस्तकात आहे की," गेरवाझी भाबडेपणाने म्हणाला. "नाव सांगा आणि मोकळे व्हा."

"विस्तव माझा आहे!" रेमेकचा आवाज चढला. "दुसऱ्या तंबूत जातो मी."

यागोदाने एकदा तेओफिलकडे पाहिलं, एकदा रेमेककडे. मग ती शांतपणे म्हणाली, "तो माझ्या मावशीचा तंबू. तिथे नाही मिळणार."

"आमच्याकडेही नाही," गेरवाझी म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "नियम म्हणजे नियम."

फासे पडत गेले. तेओफिलने घाई केली नाही. आधी बोटं पांढरी पडली. मग थरथर थांबली. मग, गोठून मरताना वाटते तशी, उल्वारला ऊब वाटू लागली, त्याने अंगावरचं हरणाचं कातडं काढून फेकलं आणि हसत हसत बर्फात बसला. तेओफिलचा एकही शब्द अडखळला नाही. वर्षानुवर्षं घोटून पाठ झालेलं होतं ते. मध्ये कुठेतरी दया येईल असं तेओफिलला वाटलं होतं. ती आली नाही. त्याची त्याला जरा भीती वाटली, पण थांबण्याइतकी नाही.

बाहेर बोळात रेमेकने त्याचा दंड धरला.

"झालं समाधान? आता कामाचं बोलू. दुसऱ्या भागाची जाहिरात होऊन बसलीय, उत्तरेकडच्या जमातींची. मला जमत नाहीये रे. बसतो, लिहितो, फाडतो. तुझ्याकडे वह्या असणार, मला ठाऊक आहे. आभाराच्या पानावर नाव घालतो तुझं. ठळक अक्षरात!"

वह्यांनी कपाट भरलेलं होतं. पण तेओफिलने हळूच दंड सोडवून घेतला. तो मान खाली घालून निघून गेला, आणि रेमेकने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

"कळव हं!" मागून हाक आली.

सकाळी तेओफिल टेबलाशी बसला. आपलं वय काय, या वह्या दुसरं कोण छापणार, आभारात तर आभारात, नाव तर येईल. हे सगळं खरं होतं. त्याने चहा केला, तो गार होऊ दिला आणि लिहिलं:

'रेमेक, तळघरातल्या पाण्याचं तुझं पत्र मिळालं. पानं भिजली नव्हती. दुसरा भाग तूच लिही. पहिला ज्याने लिहिला त्यालाच सांगायला हवं होतं, पण मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही. वह्या मी कोणालाही देणार नाही. तेओफिल.'

पुन्हा वाचलं तर हात आखडेल, म्हणून त्याने लगेच पाकीट चिकटवलं. नाक्यावरच्या लाल पेटीचं झाकण बर्फाने धरलं होतं. तेओफिलने हातमोजा काढला, उघड्या बोटांनी झाकण उचकटलं आणि पत्र आत टाकलं.