चावी खिळ्यावर

मित्रांनो, तंत्रशाळेच्या कार्यशाळेत खिडकीशी बसलेला जुना लेथ तो मीच. लोखंडाचा तुकडा माझ्या जबड्यात, म्हणजे चकमध्ये, चावीने आवळायचा, गरगर फिरवायचा आणि हत्याराने सोलून त्याला आकार द्यायचा, हे माझे काम. तरुणपणी एका कारखान्यात मी मान मोडून राबलो. म्हातारपणी शाळेत आलो आणि चक्क शोभेची वस्तू झालो.

कारण मुलांना इजा होईल या धास्तीने सरांनी माझी वीजच तोडली होती. मुले चक आवळत, माझ्या भागांची नावे घडाघडा म्हणून दाखवत आणि चावी चकमध्येच ठेवून जात. बंद यंत्राला त्याचे काय? मला मात्र राग यायचा.

त्यांच्यात भिंगरी नावाची एक मुलगी होती. ड्रॉइंग, म्हणजे यंत्रभागांचा मापांसह काढलेला आराखडा, वाचण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. म्हणूनच समोरच्या कारखान्याने तिला शिकाऊ म्हणून घेतले. पहिल्याच सकाळी तिथल्या लेथवर तिने सवयीने चावी चकमध्येच ठेवली आणि बटण दाबले. चावी सुटली ती तिथल्या फोरमनच्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळली. फोरमन तडक आमच्याकडे आला. या शाळेचे एकही पोर यापुढे नको, असे त्याने सरांना सुनावले.

मागोमाग भिंगरी आली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम.

"चूक माझीच. पण चालू मशीनवर मला कुणी उभंच केलं नाही. आधी शिकवा, मग नको म्हणा."

सरांचा चेहरा उतरला. "शिकवण्यात मीच कमी पडलो," ते फोरमनला म्हणाले. "तुम्ही इथे येऊन शिकवाल?"

फोरमनने माझा चक हाताने फिरवून पाहिला. "येईन. पण माझी माणसं ड्रॉइंग अंदाजानं वाचतात, माल वाया जातो. त्यांना तुम्ही शिकवा."

माझी वीज जोडली गेली. काय आधी शिकवायचे यावरून दोघांचे रोज वाजायचे, पण येणे कुणी चुकवले नाही. फोरमनने भिंतीत खिळा ठोकला. चावी तिथे टांगून तसे मोठ्याने म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, असा नियम झाला.

शेवटी भिंगरीची परीक्षा माझ्यावरच झाली. चावी सुटली तर जिथे लागेल, नेमक्या त्याच जागी फोरमन मुद्दाम उभा राहिला. भिंगरीने तुकडा आवळला, चावी काढली, टांगली.

"चावी खिळ्यावर," ती म्हणाली आणि मी फिरलो. इतका आनंद मला तरुणपणीही झाला नव्हता.

"उद्यापासून कामावर ये," फोरमन म्हणाला.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर झाकून ठेवू नका. तेल घाला, चालवा, आणि शिकवणाऱ्याला व काम देणाऱ्याला, दोघांनाही माझ्यापाशी उभे करा. मग बटण खुशाल दाबा. चावी तेवढी आधी खिळ्यावर.